आयर्लंडांतील दगड आणि माणसें
(शतसांवत्सरिक महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सव-समितीनें "चार शब्द बोला" अशी आज्ञा केली, तेव्हां आमची मोठी पंचाईत झाली. आम्ही विद्वान नव्हों. वक्ते तर मुळींच नव्हों. परंतु दोन वर्षांपूर्वीं आम्हां उभयतांना आयर्लंड देश पाहण्याचा योग आला. आमची धाकटी कन्या डब्लिन शहरांत परिचारिका आहे. तिनें आग्रह करून आम्हांला बोलावून घेतलें, आणि आपल्या सुट्या जुळवून तीन आठवडे तेथील जुने किल्ले, मठ आणि त्यांहूनही प्राचीन स्थळें दाखविलीं. त्या प्रवासाची हकीकत सांगावी, असें समितीचें म्हणणें पडलें.

आज आपल्या धर्मग्रामाला शंभर वर्षें पूर्ण होत आहेत. अशा मंगल प्रसंगीं परदेशांतील पडक्या किल्ल्यांचें वर्णन कशाला, असें कोणी मनांत म्हणेल. त्याचें उत्तर शेवटीं आपोआप मिळेल, अशी आम्हांला आशा आहे. तोंवर एका प्रवाशाचें कथन म्हणून तें गोड मानून घ्यावें.

किल्ला म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें रायगड उभा राहतो, किंवा आपल्या वसईचा कोट. एक अख्खा डोंगर किंवा एक अख्खें नगर तटानें वेढलेलें, अशी आपली कल्पना. आयर्लंडांतील बहुतेक किल्ले त्या मानानें लहान आहेत. एक उंच चौकोनी बुरूज, त्यांत एका कुळाचें बिऱ्हाड, आणि भोंवतीं आवार. आपल्याकडील "गढी" हा शब्दच त्यांना अधिक शोभतो. पंधराव्या व सोळाव्या शतकांत तेथील कुळांनीं अशा गढ्या इतक्या बांधल्या, कीं आगगाडींतून जातांना शेतांच्या मध्यें, गुरांच्या कळपामागें, वेलींनीं झांकलेला एखादा भग्न बुरूज वारंवार दृष्टीस पडतो. त्याच्याकडे ना शेतकऱ्याचें लक्ष, ना गुरांचें.

परंतु त्यांच्याही आधीं परक्यांनीं बांधलेले मोठे किल्ले आहेत. त्यांपैकीं ट्रिमचा किल्ला आम्ही प्रथम पाहिला. डब्लिनच्या वायव्येस पंचवीस-तीस मैलांवर, बॉइन नदीच्या कांठीं हें गांव आहे. नॉर्मन लोकांनीं आयर्लंडांत बांधलेला सर्वांत मोठा किल्ला तो हाच. नॉर्मन सरदार इ. स. ११६९ मध्यें या बेटावर उतरले. दोन वर्षांनीं त्यांचा राजा दुसरा हेन्री स्वतः आला, आणि ११७२ सालीं त्यानें मीथ प्रांत ह्यू द लेसी या सरदाराला देऊन टाकला. दुसऱ्याचा प्रांत तिसऱ्याला देणें राजांना नेहमींच सोपें जातें! द लेसीनें प्रथम लांकडी कोट उभारला. पुढच्याच वर्षीं आयरिश राजा रोरी ओकॉनर चालून आला आणि तो कोट जळून खाक झाला. मग दगडाचें काम सुरू झालें, तें सुमारें तीस वर्षें चाललें. मधला बुरूज क्रूसाच्या आकाराचा, वीस कोनांचा. भिंती सुमारें दहा फूट जाड. आंतल्या अंधाऱ्या जिन्यानें वर चढतांना आमच्या गुडघ्यांनीं नॉर्मन लोकांच्या पराक्रमाची साक्ष चांगलीच दिली.

द लेसीच्या नशिबीं हा बुरूज पुरा झालेला पाहणें नव्हतें. ११८६ सालीं डरो येथें, संत कोलंबाच्या जुन्या मठाच्या भूमीवर तो दुसरी एक गढी उठवीत होता. तें काम पाहत असतां एका आयरिश मनुष्यानें कुऱ्हाडीनें त्याला ठार केलें. दहा फूट जाडीच्या भिंती तेव्हां ट्रिम येथें होत्या, आणि मालक उघड्या माळावर होता.

हा किल्ला १९९३ सालीं सरकारनें विकत घेतला, डागडुजी केली, आणि २००० सालीं लोकांस पाहण्यासाठीं खुला केला. आम्हांला एक शंका आली, ती आम्हीं किल्ला दाखविणाऱ्या तरुणीस विचारली. "जेत्यांचें हें घर. तुमच्या पूर्वजांना धाकांत ठेवण्यासाठीं बांधलेलें. तें जतन करावें असें तुम्हांला कां वाटतें?" ती हांसली आणि म्हणाली, "बांधविणारे परके होते हें खरें. पण दगड फोडणारे, चुना कालविणारे, पाट्या वाहणारे हात कोणाचे असतील? आमच्याच गांवच्या माणसांचे ना?" ह्या उत्तरानें आम्ही निरुत्तर झालों.

त्याच बॉइन नदीच्या कांठानें खालीं समुद्राकडे गेलें म्हणजे न्यूग्रेंज नांवाचें स्थळ लागतें. येथें किल्ला नाहीं. हिरवळीनें आच्छादिलेला एक प्रचंड गोल ढीग आहे. सुमारें २८० फूट रुंद, चाळीस फूट उंच, आणि पायथ्याशीं ९७ मोठ्या शिळांचें कडें. ख्रिस्तपूर्व ३२०० च्या सुमारास, म्हणजे मिसर देशांतील मोठ्या पिरॅमिडांच्याही पूर्वीं, धातूचें हत्यार ठाऊक नसलेल्या शेतकरी लोकांनीं आपल्या मृतांसाठीं तो रचला. पोटांत साठ फुटांहून थोडी अधिक लांब, चिंचोळी वाट आहे. अंग चोरून, मान वांकवून आंत गेलें, कीं वीस फूट उंचीची दगडी खोली लागते. तिचें छत पाहून आम्ही थक्क झालों. चुना नाहीं, कमान नाहीं. एकावर एक शिळा थोडथोडी पुढें सरकवून वर तोंड मिटविलेलें. शिळांच्या वरच्या बाजूस पन्हळी कोरून पावसाचें पाणी बाजूला काढून दिलेलें, आणि सांध्यांत भाजलेली माती व समुद्राची वाळू भरलेली. पांच हजारांहून अधिक पावसाळे गेले, तरी आंत थेंब गळत नाहीं. आमच्या सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, "आपलें स्लॅब गेल्या तीन पावसाळ्यांत दोनदां गळलें." आम्हीं ऐकलें नाहीं असें दाखविलें.

परंतु न्यूग्रेंजचें खरें नवल वेगळेंच आहे. इ. स. १६९९ मध्यें तेथील जमीनदाराचे मजूर रस्त्यासाठीं दगड काढीत असतां हें द्वार त्यांना सांपडलें. पुढें विद्वान आले, गेले, तर्क लढवून गेले. आसपासच्या लोकांत मात्र एक जुनी समजूत चालत आली होती, कीं वर्षांतून केव्हां तरी उगवत्या सूर्याचे किरण ह्या ढिगाच्या पोटांत जातात. शहाण्या लोकांनीं तिला फारशी किंमत दिली नव्हती. १९६२ पासून तेथें उत्खनन करणारे प्राध्यापक मायकेल ओकेली यांनीं ती ऐकून सोडून दिली नाहीं. दाराच्या वरच्या अंगास त्यांना एक दगडी झरोका सांपडला होता. २१ डिसेंबर १९६७ रोजीं, वर्षांतील सर्वांत लहान दिवशीं, भल्या पहांटे ते एकटे आंत जाऊन अंधारांत उभे राहिले. सूर्य उगवला, झरोक्यांतून किरणाची एक बारीक रेघ आंत शिरली, वाटेवरून सरकत सरकत अगदीं आंतल्या खोलींत पोहोंचली, आणि सारें दालन उजळून निघालें. सुमारें सतरा मिनिटांनीं पुनः काळोख झाला.

आम्ही गेलों तो जून महिना होता. त्यामुळें आम्हांला विजेच्या दिव्याचा नकली सूर्योदय दाखविण्यांत आला. तोही पाहून अंगावर कांटा आला. परंतु अधिक विचार आला तो त्या समजुतीविषयीं. ज्ञान पुस्तकांत नव्हतें तेव्हां तें चुलीपाशीं, शेताच्या बांधावर, म्हाताऱ्यांच्या तोंडीं होतें. तें विचारणारा कोणी भेटला, एवढाच योग.

तेथून दक्षिणेकडे आम्ही किलकेनी नगरास गेलों. तेथील किल्ला तेराव्या शतकाच्या आरंभीं विल्यम मार्शल या सरदारानें दगडांत बांधला. चार कोपऱ्यांवरील चार बुरुजांपैकीं तीन अद्याप उभे आहेत. १३९१ सालीं तो बटलर घराण्यानें घेतला, आणि साडेपांचशें वर्षांच्या आसपास तो त्यांच्याकडे नांदता राहिला. मग उत्पन्न आटलें, खर्च झेपेना. १९३५ सालीं घरच्या सामानाचा लिलाव झाला आणि घराणें तेथून निघून गेलें. शेवटीं १९६७ सालीं घराण्याच्या प्रमुखानें तो किल्ला नगराच्या लोकांस पन्नास पौंडांस देऊन टाकला. आतां त्याच्या विस्तीर्ण हिरवळीवर गांवचीं मुलें चेंडू खेळतात. ज्या पोरांच्या पणज्यांना बहुधा मागच्या दारानेंच आंत घेतलें असेल, तीं पोरें आतां पुढच्या दारासमोर लोळत असतात, आणि पहारेकरी त्यांना रागें भरत नाहीं.

किलकेनीहून नैर्ऋत्येस कॅशेल आहे. सपाट कुरणांतून एकाएकीं चुनखडीचा खडक वर उठतो, आणि त्याच्या माथ्यावर मनोरा, देऊळ, तट, सर्व एकत्र दाटलेले. हें मन्स्टर प्रांतांतील राजांचें प्राचीन ठाणें. येथेंच संत पॅट्रिकनें एंगस राजास बाप्तिस्मा दिला, अशी आख्यायिका आहे. विधि चालू असतां संताच्या दंडाचें अणकुचीदार टोंक चुकून राजाच्या पावलांत रुतलें. राजा तोंडांतून शब्द न काढतां उभा राहिला. विधि संपल्यावर रक्त पाहून संतानें विचारलें, तेव्हां राजा म्हणाला, कीं हाही विधीचाच भाग असावा असें मला वाटलें! कथा खरी असो वा नसो, तेथील लोक ती सांगतांना अजून हंसतात आणि अजून डोळे पुसतात.

११०१ सालीं मर्टाक ओब्रायन राजानें हा खडक धर्मकार्यासाठीं देऊन टाकला. कॉर्मॅक मॅकार्थी राजानें तेथें बांधलेलें लहानसें मंदिर ११३४ सालीं अर्पण झालें. नंतर त्याला लागूनच मोठें प्रमुख देऊळ उठलें. १६४७ सालीं इंग्रजी पार्लमेंटच्या पक्षानें लढणारा लॉर्ड इंचिक्विन सैन्यासह चालून आला, आणि देवळांत आश्रयास गेलेलीं शेंकडों माणसें तेथेंच कापलीं गेलीं. हा इंचिक्विन कोण? मरो ओब्रायन, म्हणजे ज्या कुळानें खडक दान दिला, त्याच कुळांतला! पुढें अठराव्या शतकांत मोठ्या देवळाचें छप्परही काढून टाकण्यांत आलें. आतां उंच भिंती आहेत, खिडक्यांच्या कमानी आहेत, आणि वर आकाश आहे. आम्ही तेथें उभे असतां क्षणभर वसईच्या कोटांत आहों असें वाटलें. १७३९ सालीं कोट पडल्यावर तेथील देवळांचीं छपरें गेलीं. त्या बिनछपराच्या भिंतींत आम्ही लहानपणीं लपंडाव खेळलों आहों. तीच कमान, तेंच गवत, तेच कावळे.

लहान मंदिराची गोष्ट निराळी. त्याचें दगडी छप्पर शाबूत आहे. पण शतकानुशतकें पाऊस पिऊन वालुकाश्म इतका ओला झाला होता, कीं आंतल्या भिंतींवरील अतिप्राचीन रंगचित्रें नासूं लागलीं. तीं चित्रें चुन्याच्या थरांखालीं दडून राहिलीं म्हणूनच वांचलीं होतीं. तेव्हां तेथील लोकांनीं काय केलें? साऱ्या मंदिरावर तात्पुरतें मोठें छत उभारलें आणि दगड वाळण्याची वाट पाहत वर्षानुवर्षें थांबले. लग्नाच्या मांडवाखालीं आजारी म्हातारीला जपावें, तसें त्यांनीं त्या मंदिराला जपलें.

तेथेंच एका दालनांत एक झिजलेला दगडी क्रूस ठेवलेला आहे. बाराव्या शतकांतला. एक बाजू तुटलेली. ख्रिस्ताचें मुख ओळखूं येत नाहीं. पूर्वीं तो उघड्यावर होता. पाऊस-वाऱ्यानें आणखी झिजूं नये म्हणून त्याला आंत आणला, आणि बाहेर त्याच्या जागीं हुबेहूब नवा करून उभा केला. पाहणारे त्या झिजलेल्या दगडापुढें आवाज न करतां उभे राहतात. आम्हीही राहिलों. पण आमच्या मनांत दुसराच एक दगड आला, आणि आम्हांला तेथें फार वेळ थांबवेना. तो दगड कोणता, तें शेवटीं सांगूं.

कॅशेलहून पुढें कॉर्कजवळ ब्लार्नीची गढी आहे, त्याच मॅकार्थी कुळांतील कॉर्मॅक नांवाच्या दुसऱ्या सरदारानें १४४६ सालीं बांधलेली. शंभराहून अधिक पायऱ्या चढून वर गेलें, कीं उताणें पडून, लोखंडी गजांना धरून, मान मागें खालीं सोडून तेथील एका शिळेचें चुंबन घ्यावयाचें. म्हणजे वाणीला अमोघ गोडी येते, असा समज आहे. आम्ही कोट काढून तयार झालों. सौभाग्यवती म्हणाल्या, "तुम्ही आहांत तेवढें बोलतां तें पुरे आहे. उठा." म्हणून आम्ही उठलों. आजच्या भाषणांत जे दोष आढळतील, त्यांचें कारण समितीनें आमच्या घरीं विचारावें.

शेवटचा मुक्काम पश्चिमेकडे, मेयो परगण्यांत. कन्येच्या एका सहकारिणीचें तिकडे माहेर. तिनें सांगितलें, कीं किल्ले पुष्कळ पाहिलेत, आतां आमचें बॅलिंटबर पाहा. त्या नांवाचा अर्थ "विहिरीचें गांव". संत पॅट्रिकनें तेथील विहिरीवर लोकांना बाप्तिस्मा दिला, अशी परंपरा आहे. तेथून क्रो पॅट्रिक या पवित्र डोंगराकडे सुमारें बावीस मैलांची प्राचीन यात्रेची वाट जाते. १२१६ सालीं कॉनॉटचा राजा कहल ओकॉनर यानें तेथें मठ बांधला. ट्रिमवर चालून जाणाऱ्या रोरी राजाचाच हा भाऊ. एका भावाच्या भयानें पहिला कोट जळाला. दुसऱ्यानें उभें केलें तें आठशें वर्षांनंतरही वापरांत आहे.

तें कसें वापरांत राहिलें, हें ऐकण्यासारखें आहे. सोळाव्या शतकांत आठव्या हेन्री राजानें मठ खालसा केले, त्यांत ह्याचीही जमीन गेली. १६५३ सालीं क्रॉम्वेलच्या सैनिकांनीं आग लावली. सभागृहाचें लांकडी छप्पर कोसळलें, मठवाशांच्या खोल्या जळाल्या. वेदीवरची दगडी कमान तेवढी टिकली. पुढें सतराव्या शतकाच्या अखेरीपासून ते जाचक कायदे आले. १६९७ च्या कायद्यानें महागुरूंना व मठवाशांना देशाबाहेर घालविलें. १७०४ पासून धर्मगुरूंना सरकारांत नांव नोंदवावें लागे. ज्याचें नांव नाहीं, त्याच्यावर संकट. त्या काळीं रानांत, ओढ्याकांठीं, एखाद्या सपाट शिळेवर मिस्सा होई, आणि टेकडीवर एखादा मुलगा पहारा करी. अशा "मिस्सेच्या शिळा" आयर्लंडभर दाखवितात. बॅलिंटबरचे लोक मात्र आपल्या जळक्या भिंतींतही येत राहिले. छप्पर नाहीं, जमीन ओली, वरून पाऊस. आणि तिकडचा पाऊस म्हणजे आपल्या श्रावणासारखा, पण बाराही महिने. तशा पावसांत ते गुडघे टेकीत.

१८४६ सालीं दुरुस्ती सुरू झाली, तोंच बटाट्याच्या पिकावर रोग पडून महादुष्काळ आला. १८४५ ते १८५२ या काळांत सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं व तितकींच देश सोडून गेलीं. मेयो परगणा तर होरपळून निघाला. दुरुस्ती थांबली. १८८९ सालीं कांहीं भागाचें काम झालें, आणि अखेर १९६६ सालीं, साडेसातशेंव्या वर्षाच्या महोत्सवास, सबंध सभागृहावर छप्पर चढलें.

आम्ही रविवारीं तेथें मिस्सेला गेलों. माणसें बेताचींच होतीं, बहुतेक वयस्क. भिंतींना गिलावा नाहीं, सोनेरी काम नाहीं. पांढुरका दगड, साधीं बांकें. बाहेर पाऊस लागला, आणि त्याचा आवाज छपरावर ऐकूं येऊं लागला. मिस्सा आटोपल्यावर मेणबत्त्या विझविणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांस आम्हीं विचारलें, "मधल्या काळांत हें देऊळ किती वर्षें बंद होतें?" त्यांना आमचा प्रश्न कळेना. त्यांनीं तो पुनः विचारावयास लावला. मग ते म्हणाले, "बंद? तें कधीं बंद नव्हतेंच." एवढें बोलून ते आपल्या कामाला लागले.

आम्ही लाजलों. छप्पर गेलें म्हणजे देऊळ बंद झालें, हें आम्हीं मनांत धरूनच चाललों होतों. त्या गृहस्थांच्या मनांत तो विचार कधीं आलाच नव्हता.

परत डब्लिनला आल्यावर कन्येनें लिफी नदीकांठची न्यायालयाची मोठी इमारत दाखविली. १९२२ सालच्या जून अखेरीस, आयरिश लोकांच्या आपसांतील यादवींत, तिच्या आवारांतील सरकारी दफ्तरखाना स्फोटानें व आगीनें नष्ट झाला. शतकांचे कागद, जुन्या खानेसुमारीचे तक्ते, आणि इंग्रजी राजवटीच्या अधिकृत ख्रिस्तसभेनें तेथें ठेवण्यास दिलेलीं कित्येक गांवांचीं जन्म-विवाहांचीं पुस्तकें एका दिवसांत राख झालीं. गरीब कॅथलिक गांवांचीं पुस्तकें मात्र वांचलीं, कारण तीं ज्या त्या धर्मग्रामांतच, फादरांच्या कपाटांत होतीं. वाळवी, ओल, उंदीर यांतून जेवढीं टिकलीं, त्यांच्या प्रतिमा तेथील राष्ट्रीय ग्रंथालयानें २०१५ सालीं सर्वांस विनामूल्य पाहतां येतील अशा खुल्या केल्या. दुष्काळांत अमेरिकेस गेलेल्या लोकांचीं पणतवंडें त्यांत आपल्या पणजीचें नांव शोधतात. कोणा फादरानें मेणबत्तीच्या उजेडांत वेडावांकडा लिहिलेला एक शब्द, आणि त्यासाठीं समुद्रापलीकडची माणसें डोळे पुसतात.

आतां कबूल केलेली गोष्ट सांगतों. तीस वर्षांपूर्वीं आपल्या याच देवळाचा विस्तार झाला, तेव्हां बांधकाम पाहणाऱ्या मंडळींत आम्ही होतों. जुन्या देवळांत बाप्तिस्म्याची एक दगडी कुंडी होती. काळ्या दगडाची, कांठाला एक टवका उडालेला. आपल्यापैकीं साठीच्या पुढच्या साऱ्यांच्या डोक्यावरचें पाणी त्याच कुंडींत पडलें आहे. नवी संगमरवरी आणावयाची ठरली, तेव्हां जुनीचें काय करावें हा प्रश्न निघाला. कोणी तरी म्हणालें, भरावाच्या दगडांत जाऊं द्या. तें म्हणणारे आम्हीच होतों. दुसऱ्या दिवशीं वाडींतल्या एक आजी देवळाच्या आवारांत आल्या आणि म्हणाल्या, "बाबा, माझ्या सातही लेकरांना ह्यांत पाणी घातलें. दोघें आतां नाहींत. ही मला द्या." आम्हीं घड्याळाकडे पाहत सांगितलें, "आजी, गाडीवाल्याला विचारा." त्या दिवशीं आम्हांला त्या कुंडीकडे पाहावेंसेंही वाटलें नाहीं. कॅशेलच्या त्या झिजलेल्या क्रूसापुढें आम्हांला आठवला तो दगड हाच.

आयर्लंडाहून परत आल्यावर आम्ही त्या घरीं गेलों. आजी देवाघरीं जाऊन पुष्कळ वर्षें झालीं. त्यांच्या नातवानें आम्हांला मागच्या दारीं, विहिरीपाशीं नेलें. आंब्याच्या सावलींत, चार विटांच्या बैठकीवर कुंडी होती. आंत स्वच्छ पाणी होतें. चिमण्या पीत होत्या. तो म्हणाला, "आजीनें गाडीवाल्याला दोन पायली तांदूळ दिले होते. रोज घासायची. जातांना सांगून गेली, कीं कधीं तरी मागायला येतील, तेव्हां कांहीं न बोलतां द्या."

बंधुभगिनींनो, ती कुंडी आज देवळाच्या पडवींत आणून ठेवली आहे. येतांना आपण पाहिलीच असेल. टवका तसाच आहे. ती कोठें ठेवावी हें आपण सर्वांनीं ठरवावें. त्या विषयावर आम्ही मत देणार नाहीं. आमचें मत एकदां दिलें गेलें, तें पुरे झालें. मात्र दोन विनंत्या करतों. आपल्या धर्मग्रामाचीं बाप्तिस्मा-विवाहांचीं जुनीं पुस्तकें कपाटांत आहेत. पहिल्या दोन पुस्तकांचीं पानें गळूं लागलीं आहेत; त्यांची प्रतिमा करून घेण्याचा खर्च आम्हां उभयतांना उचलूं द्यावा. आणि ज्या घरांत ऐंशीच्या पुढचें माणूस असेल, तेथें तरुणांनीं एक संध्याकाळ बसून, तें जें सांगेल तें उतरवून घ्यावें. त्यांतलें खरें कोणतें, खोटें कोणतें, हें पुढचे लोक पाहतील. न्यूग्रेंजचा सूर्य असाच सांपडला.

 येथें जमलेल्या बालकांपैकीं कांहीं जण दुसऱ्या शतकाच्या महोत्सवालाही, काठी टेकीत कां होईना, हजर असोत, आणि तेव्हां त्यांना विचारणारा कोणी तरी भेटो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.